गाडीचा कुमसार

गाडी बघायला बोलावलं की बस्त्यावकाका गाडीकडे बघतच नसे. मालक बिचारा सकाळपासून गाडी धुऊन, टायरांना काळं पॉलिश मारून, बॉनेट उघडून उभा असायचा. काका त्याच्या वाडीतल्या केळीच्या घडांकडे बघत बघत यायचा आणि पहिला प्रश्न टाकायचा, "किती तास चाललीय?"

"तास कसले? किलोमीटर सांगतो ना. बत्तीस हजार."

"किलोमीटर रस्त्याला असतात. इंजिनाला तास असतात."

मालक मग माझ्याकडे बघायचा. मी मान हलवायची. म्हणजे हो, हे असंच असतं, उत्तर द्या.

काका वसईच्या पाचूबंदरचा. मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली. समुद्रात मैलाचे दगड नसतात. उलटी धार लागली की बोट दोन दोन तास इंजिन चालवून जागच्या जागी उभी राहते, हातभर पुढे सरकत नाही. इंजिनाचं वय मात्र दोन तासांनी वाढलेलं असतं. म्हणून बंदरात इंजिनाचं वय तासांत सांगतात. काकाने ती सवय किनाऱ्यावर आणली आणि सगळ्या जगाला लावली. मिक्सर किती तास चालला? शिलाई मशीन किती तास? आमच्या आळीत एका जोडप्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून जेवण होतं. नवरा आयुष्यभर परदेशी जहाजावर, वर्षातले नऊ महिने बाहेर. सगळे 'पंचवीस वर्षं, पंचवीस वर्षं' करत असताना काका ताटावरून मोठ्याने म्हणाला, "वर्षं नका सांगू. एका घरात किती तास राहिलात ते काढा. तुमची तर पहिली सर्विसिंग बी नाय झाली!" बायकोला हसून हसून ठसका लागला. नवरा त्यानंतर महिनाभर काकाशी बोलला नाही.

आमचं आणि त्याचं घर लागून. मध्ये फक्त बोंबील वाळत घालायच्या बांबूंची रांग. माझे वडील बोटीवर खलाशी, आई मासे विकायची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बीएस्सी, गणित. हे मी जिथे तिथे सांगते आणि सांगणार. आता वसईतल्या एका शाळेत शिकवते. माझा निकाल लागला त्या दिवसापासून काकाने माझं नाव टाकलं आणि मला 'बीएस्सीबाय' करून टाकलं. "ए बीएस्सीबाय, गणित कर" अशी हाक आली की मला जावंच लागायचं, हातातलं काम टाकून. आमच्याकडे मोठ्या माणसालाही 'तू'च म्हणतात, त्यामुळे लिहिताना मी त्याला 'ते' करणार नाही. केलं असतं तर तोच हसला असता.

ठेंगणा, रुंद. चष्मा जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. डाव्या कानाने त्याला ऐकू येत नसे. "तो कान मी इंजिनांना दिला," म्हणायचा, "आनि हा ठेवला इंजिनं ऐकायला." हे खरंच होतं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला लावायचं, मूठ उजव्या कानाला, डोळे मिटायचे. त्या वेळी कोणी बोललं तर डोळे न उघडता शिवी द्यायचा. एकदा ती शिवी चर्चच्या फादरांना बसली. फादर स्कूटर घेऊन आले होते.

त्याची एक गोष्ट बंदरात सगळ्यांना ठाऊक होती, कारण तो स्वतःच ती सांगायचा. फार वर्षांपूर्वी एका तांडेलाची बोट खवळलेल्या पाण्यात सापडली. लाटेवर बोटीचा मागचा भाग उचलला गेला, पंखा पाण्याबाहेर आला. पाण्याचं ओझं गेल्यावर इंजिन मोकाट सुटलं आणि किंचाळलं. परत आल्यावर तांडेल म्हणाला, "बस्त्याव, जरा बघ रे." काकाने स्क्रू-ड्रायव्हर लावला. इंजिन शिलाई मशीनसारखं चालत होतं. काका म्हणाला, "बिनधास्त जा." पुढच्याच फेरीला अर्नाळ्याच्या पल्याड इंजिन जाम झालं. आठ माणसं दीड दिवस धारेवर वाहत होती. दुसऱ्या बोटीने ओढून आणलं, सगळे सुखरूप आले. तांडेलाची म्हातारी आई तेवढा वेळ बंदरावर बसून होती. ती काकाला एक शब्द बोलली नाही.

"शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं," काका म्हणायचा. "मी काय नाय विचारलं, सांगू? किंचाळल्यानंतर किती तास चाललं ते नाय विचारलं. चारच तास चाललेलं. चार तासांत कळत नाय. मोडलेलं हाड बी पहिल्या दिवशी चालतं कधी कधी."

तेव्हापासून हात लावलेल्या प्रत्येक बोटीत तो इंजिनाशेजारच्या फळीवर पांढऱ्या रंगाने तास लिहायचा. काय बिघडलं, कितव्या तासाला. आणि तेव्हापासून 'बिनधास्त' हा शब्द त्याने तोंडातून काढून टाकला. कोणी कितीही विचारलं तरी "चालंल असं वाटतं" याच्या पुढे जायचा नाही.

गाड्यांकडे तो साठीनंतर वळला. मुलगी आखातात नोकरीला, तिने आपला जुना लॅपटॉप पाठवला होता व्हिडिओ कॉलसाठी. काकाने त्याला केबल जोडली आणि गाड्यांची डोकी, म्हणजे त्यांच्यातले संगणक, वाचायला लागला. आणि तिथे, दोन दारांच्या, मागे इंजिन असलेल्या जर्मन स्पोर्ट्स गाड्यांमध्ये त्याला त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद सापडला. त्या दिवशी तो लॅपटॉप उघडा धरून आमच्या घरात धावत आला, केबल मागे लोंबतेय, आई मासळी कापत होती तिच्या अंगावरून उडी मारून.

"बीएस्सीबाय! हे बग! ही गाडी तास लिहिते! माझ्यासारखी!"

खरंच लिहीत होती. इंजिनाने मर्यादेच्या वर फेरे घेतले की त्या गाडीचा संगणक त्याची नोंद ठेवतो. सहा रकाने. पहिला म्हणजे थोडंसं वर, सहावा म्हणजे भयंकर वर. प्रत्येक रकान्यात किती वेळा ठिणगी पडली ते, आणि तसं शेवटचं कधी झालं, ते इंजिनाच्या तासांत.

पहिले दोन-तीन रकाने काका मनावर घेत नसे. "नुसता पाय दाबून कोनी इंजिन फोडू शकत नाय. संगनक डिझेल-पेट्रोल तोडतो. पोरं दाबतात, दाबू दे." पुढचे तीन वेगळे. गाडी जोरात असताना चुकून खालचा गिअर पडला की चाकंच इंजिनाला फरफटत फिरवतात, तिथे संगणकाचं काही चालत नाही. "उतारावर हातगाडी पाठून ढकलायला लागली की मानूस कसा धावतो? पाय त्याचे, पन मर्जी हातगाडीची. तसं."

या सगळ्या प्रकाराला काकाने नाव दिलं होतं 'कुमसार'. आम्ही चर्चमध्ये फादरांच्या कानाशी गुडघे टेकून आपली पापं सांगतो, तो कुमसार. "चल, गाडीचा कुमसार ऐकू या," म्हणत तो केबल लावायचा. आणि लॅपटॉपवर पट्टी भरत असताना चष्मा पुसायचा, दर वेळी, अगदी फादरांसारखं तोंड करून.

मीरा रोडपासून विरारपर्यंत लोक त्याला बोलवायला लागले. मी सोबत जायचे, कारण रिपोर्ट इंग्रजीत आणि भागाकार माझ्याकडे. किती गाड्या बघितल्या आम्ही! पण सांगायची ती नेल्सनची.

नेल्सन माझा आतेभाऊ. जहाजावर कूक. जहाजही कसलं, तर गाड्या वाहून नेणारं. पोटात हजारो नवीन गाड्या आणि हा वर त्यांच्या डोक्यावर मटण शिजवतोय. प्रत्येक बंदरात रॅम्पवरून त्या गाड्या उतरताना तो भटारखान्याच्या दारातून बघायचा. त्यातली एक त्याच्या डोक्यात बसली ती बसलीच. तेरा वर्षं तो तिच्यासाठी साठवत होता. नवी नाहीच परवडणार, जुनी घ्यायची. इंजिन फुटलं तर दुरुस्तीला तितकेच पैसे पुन्हा लागतात, आणि ते त्याच्याकडे नव्हते. म्हणजे एकदाच निवडायची होती आणि चुकून चालणार नव्हतं. रजेचे नऊ दिवस उरले होते.

त्याला आचोळ्याच्या एका डीलरकडे लाल गाडी सापडली. लाल म्हणजे कशी? पाडव्याला घासलेल्या तांब्यासारखी झळझळीत! मीसुद्धा तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. डीलर पांढऱ्या बुटांतला, तोंडात लवंग.

"काका, एकदम क्लीन पीस. सिंगल ओनर. चौतीस हजार चाललीय बस. और रिपोर्ट का टेन्शन ही नहीं, मीच काढून ठेवलाय. बघा, सहाच्या सहा झीरो!"

नेल्सनने फोनवर सगळं वाचून ठेवलं होतं. चौथ्या, पाचव्या, सहाव्या रकान्यात काही दिसलं की पळा, असं तिकडे सगळे सांगत होते. इथे तर पहिल्यातही काही नाही. त्याचे डोळे भरायचे बाकी होते. "झीरो, काका! झीरो!"

काकाने डीलरचा कागद घडी करून त्यालाच परत दिला. स्वतःची केबल लावली. चष्मा पुसला. पट्टी भरली. सहा शून्यं. खाली एका ओळीत इंजिनाचे एकूण तास: शहाण्णव.

"बीएस्सीबाय. चौतीस हजाराला शहाण्णवने भाग."

"तीनशे चौपन्न," मी म्हटलं.

"तीनशे चौपन्न काय? आंबे?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि अंगावर काटाच आला. "किलोमीटर," मी म्हटलं. "तासाला."

काका डीलरकडे वळला. एवढं खूश मी त्याला क्वचित बघितलंय. "म्हनजे शेठ, ही गाडी पयल्या दिवसापासून तीनशे चौपन्नच्या वेगाने चाललीय. सिग्नलला तीनशे चौपन्न. टोलनाक्यावर तीनशे चौपन्न. गॅरेजमधून मागे घेताना बी तीनशे चौपन्न!"

"काका, वो सॉफ्टवेअर का कुछ इशू होगा…"

"असंल. पन मला वाटतं डोकं बदललंय तिचं. शहाण्णव तासांपूर्वी नवीन बसवलं. जुन्या डोक्यात काय होतं ते तुला ठावं असंल, मला नाय."

डीलरने लवंग थुंकली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला फोन लावला, किंवा लावल्यासारखं केलं.

आता कोणालाही वाटेल की नेल्सनने काकाचे पाय धरले असतील. छे! रस्त्यावर आल्या आल्या तो काकावर चिडला. "चालते ना मस्त! आवाज पन ऐकलास तू. डोकं बदललं असेल, पानी गेलं असेल त्याच्यात. तुला मी गाडी घ्यायलाच नको हाय!"

"घे की," काका म्हणाला. "पन कुमसार न करता वेदीसमोर चाललास एवढं ध्यानात ठेव."

"सगळे शून्य होते!"

"बाबा, साठ वर्षाचा मानूस फादरांकडे गेला आनि म्हनाला, माझं एक बी पाप नाय. तर फादर काय करतील? पाया पडतील त्याच्या?"

नेल्सन दोन दिवस आमच्याकडे फिरकला नाही. आत्या येऊन सांगून गेली की तो जेवत नाही, लाल गाडीचे फोटो बघत पडलेला असतो. तिसऱ्या दिवशी काकाने त्याला जवळजवळ ओढून पापडीला नेलं. तिथे एका दातांच्या डॉक्टरांच्या वाडीत तशीच गाडी होती. पंधरा वर्षांची, त्यांनी स्वतः नवी घेतलेली. रंग राखाडी, ओल्या सिमेंटचा. दारावर एक ओरखडा. एकेचाळीस हजार किलोमीटर. नेल्सन तिच्याकडे बघेचना. आजारी माणसाला लापशी वाढावी तसं त्याचं तोंड.

डॉक्टरांनी खुर्च्या मांडल्या. त्यांच्या बाईंनी चहा टाकला. काकाने केबल लावली.

पहिल्या रकान्यात नऊ हजारांवर. दुसऱ्यात हजारभर. तिसऱ्यात थोडे. चौथ्यात अडतीस. पाचवा-सहावा कोरे.

"चार नंबर!" नेल्सन खुर्चीतून उठलाच. "अडतीस वेळा! काका, चल. चल इथनं."

"खाली बस. डॉक्टर, गाडी नवी असताना कोनी चुकीचा गिअर टाकला?"

"शक्यच नाही," डॉक्टर म्हणाले. ते खरोखर दुखावले. "ही गाडी माझ्याशिवाय कोणी चालवलेली नाही. आणि मी पंधरा वर्षांत एकदाही चुकलो नाही. तुमच्या मशीनमध्ये दोष असेल."

"मशीनमधी नाय. एकसष्टावा तास. घेतल्यावर पयल्याच वर्षात."

मागून कपबशीचा आवाज आला. बाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा शाळेत कॉपी पकडल्यावर मुलींचा होतो तसा झाला होता.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "तुम्ही गोव्याला कॉन्फरन्सला गेला होतात ना…"

"मग?"

"मी भुईगावपर्यंत नेली होती. एकदाच. वरचा टाकायचा तर खालचा पडला. काय ओरडली हो ती! मी घाबरून लगेच परत आणून ठेवली. कव्हरही घातलं." मग काकाकडे वळून, "त्याच्यात माझं नाव पण लिहिलंय का?"

"नाव नाय, बाई. तास लिहिलाय."

"पंधरा वर्षं!" डॉक्टर म्हणाले. "पंधरा वर्षं तू मला बोलली नाहीस?"

"तुम्ही मला किल्ली दिली असती तर बोलले असते!"

आम्ही सगळे हसलो. नेल्सन सोडून. त्याच्या डोळ्यांसमोर अडतीस नाचत होते. तेव्हा माझी पाळी आली. मी फळ्यावर शिकवते तसं शिकवलं त्याला. सहा सिलिंडर, एका फेऱ्यात तीन ठिणग्या. मिनिटाला आठ हजार फेरे, म्हणजे सेकंदाला चारशे ठिणग्या. अडतीस ठिणग्या म्हणजे सेकंदाचा दहावा भागसुद्धा नाही. अडतीस चुका नाहीत, नेल्सन. एक चूक. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

"आता एकूण तास सांग," काका म्हणाला.

"तेराशे सहासष्ट."

"एकेचाळीस हजाराला भाग."

"तीस. तासाला तीस किलोमीटर."

"वसईच्या रस्त्यांवर तीसच पडतो, जास्त नाय पडत. म्हनजे डोकं मूळचं. आनि त्या चुकीनंतर किती चालली?"

"तेराशे पाच तास."

काकाने लॅपटॉप मिटला. उठला, इंजिन चालू करायला सांगितलं, जमिनीवर आडवा झाला. स्क्रू-ड्रायव्हर लावला, डोळे मिटले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. चहावर साय धरली. नेल्सन नखं खात होता. डॉक्टर आणि बाईंचं हळू आवाजात चाललेलं भांडणसुद्धा थांबलं. मग काका उठला, पाठीचा पाला झटकला आणि म्हणाला, "नेल्सन, बिनधास्त घे."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. तो शब्द मी त्याच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता, गोष्टीत सोडून. त्यालाही ते कळलं असावं, कारण त्याने लगेच पाठ फिरवली आणि चिकू किती किलो निघतात वगैरे डॉक्टरांना विचारायला लागला. नेल्सनलाही बंदरातली ती गोष्ट माहीत होती. तो एकदा काकाकडे, एकदा राखाडी गाडीकडे बघत उभा राहिला. आणि त्याने गाडी घेतली.

रजा संपायच्या दोन दिवस आधी, सकाळी, आम्ही तिघे हायवेला निघालो. मागची सीट म्हणजे चेष्टा आहे, माझे गुडघे हनुवटीला. पण काय गाडी हो! पाठीमागून कोणीतरी दोन्ही हातांनी उचलून पुढे ठेवतंय असं वाटायचं. नेल्सन ओरडत होता, मी ओरडत होते. काका ओरडत नव्हता. तो उजवा कान मागच्या बाजूला वळवून बसला होता. शिरसाड गेल्यावर नेल्सनने गाडी बाजूला घेतली, उतरला आणि किल्ली काकापुढे धरली.

"नको रे. मी काय…"

"तुझ्या शब्दावर घेतलीय. तू चालवल्याशिवाय ती माझी नाय."

काकाने हात पँटला पुसले. चष्मा पुसला. बसला. पहिला गिअर छान पडला. दुसरा छान पडला. सत्तरच्या पुढे गेल्यावर तो हसायला लागला, मोठ्याने, सगळे दात दाखवून, आणि तिसरा टाकायला हात पुढे ढकलला.

बोटीचा गिअर सरळ पुढे ढकलायचा असतो. पुढे म्हणजे पुढे, मागे म्हणजे मागे, बाजूला काही नाही. या गाडीत दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हात जरा उजवीकडे न्यावा लागतो. काकाचा हात सरळ पुढे गेला. बोटीवर कमावलेला हात, गाडीने नको म्हटलं तरी त्याने ढकललाच. पहिला पडला.

गाडी अशी किंचाळली की माझे दात शिवशिवले. आम्ही तिघे पुढे फेकलो गेलो. काकाने क्षणात क्लच दाबला, गाडी सरकवत कडेला आणली, इंजिन बंद केलं. एक टँकर भोंगा मारत गेला. काकाचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा कधी पाहिला नव्हता. नेल्सन स्टिअरिंगकडे नुसता बघत होता. तेरा वर्षं त्याच्या डोळ्यांतून चालली होती, एक एक.

"बॅग दे," काका मला म्हणाला.

बॉनेटवर लॅपटॉप ठेवला, केबल दारातून आत. तशातही चष्मा पुसलाच. चौथा रकाना. अडतीसचे पन्नास झाले होते. शेवटचा तास: तेराशे एकाहत्तर.

"बारा," काका म्हणाला. मग पुन्हा, "बारा." आणि एकदम कंबर धरून हसायला लागला. "सायबा! त्या बाईचे अडतीस, माझे बारा! नेल्सन, तिच्यापेक्षा मी बरा!"

पहिल्यांदा नेल्सनच्या तोंडातून एक विचित्र आवाज आला, मग तो हसू लागला, आणि मग त्या हायवेच्या कडेला आम्ही तिघे असे हसत होतो की एक ट्रकवाला थांबून विचारू लागला, मदत पाहिजे का. पण हसून झाल्यावर काकाने स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि अर्धा तास त्या इंजिनाशी कान लावून बसला. उठला तेव्हा 'बिनधास्त' म्हणाला नाही.

"चालंल असं वाटतं," म्हणाला. "पन शंभर तास चालव. शंभर तास झाले की मला सांग. तोपर्यंत मी ह्याच्यावर काय बोलनार नाय. आनि कधी विकलीस, तर घेनाऱ्याला सांगायचं, हे बारा पाचूबंदरच्या बस्त्यावचे. लपवायचं नाय."

नेल्सन जहाजावर गेला, सात महिन्यांनी आला. त्या रजेत त्याने गाडी कुठे कुठे नेली! डहाणू, जव्हार, मध्येच कारण नसताना मनोर. रविवारी चर्चमधल्या मिस्साच्या आधी काका मला बांबूंपलीकडून विचारायचा, "किती झाले?" बत्तीस. एकोणसाठ. सत्त्याऐंशी. आकडा ऐकून मान हलवायचा, बोलायचा काही नाही. रात्री झोपतो की नाही कोण जाणे, असं त्याची बायको म्हणायची.

शंभर झाले तो शनिवार होता. नेल्सन मला घेऊन थेट धक्क्यावर आला. मासळीचा लिलाव जोरात होता, बायकांचा आरडाओरडा, बर्फाच्या लाद्या फुटत होत्या. काका एका बोटीवर चालू इंजिनाशेजारी वाकलेला. आम्ही हाका मारल्या. ऐकू कसं येणार? नेल्सन गाडीच्या दारात उभा राहिला आणि दोन्ही हातांची दहा बोटं पसरून मिटवू लागला. दहा, वीस, तीस. काकाने मान वर केली. लिलावातल्या बायका वळून बघायला लागल्या, हा वेडा काय विकतोय! साठ, सत्तर. काका उभा राहिला, ओठांनी मोजतोय. नव्वद. शंभर. त्याने एकदम दोन्ही तेलकट हात आभाळाकडे फेकले आणि डुलणाऱ्या बोटीत असा नाचला की तांडेल त्याला पकडायला धावला. काहीतरी ओरडलाही. इंजिनाच्या आवाजात आम्हाला ते ऐकू आलं नाही, पण नेल्सन म्हणतो तो एकच शब्द होता आणि कोणता ते त्याला ओठांवरून कळलं.

मी त्याला नीट असं पाहिलं ते शेवटचं. पुढच्या आठवड्यात माझी शाळेची सहल होती, मी परत आले तेव्हा काका गेला होता. झोपेत.

त्या संगणकाची एक गंमत आहे. तो शेवटच्या चुकीचाच तास लक्षात ठेवतो. नवी चूक झाली की जुना तास पुसून नवा लिहितो. नेल्सन दर रजेत आला की केबल लावतो, मला रकाने वाचायला बसवतो. पहिले दोन वाढतात. चौथा नाही. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना तो इतका हळू, इतका जपून हात उजवीकडे नेतो की मागचे रिक्षावाले भोंगे वाजवतात. वाजवू देत. गाडी आता दोन हजार तासांच्या पुढे गेलीय आणि चौथ्या रकान्यात अजून काकाचाच तास आहे: तेराशे एकाहत्तर.